पाखरे येतात तेव्हा

शास्त्रपाठ : मत्तय ६:२५-३४, यिर्मया ८:४-७, अनुवाद २४:१४-१५



ऑक्टोबरच्या अखेरीस मोखाड्याच्या दोन पाड्यांवरील मुलांना घेऊन आम्ही जव्हारच्या जयसागर धरणावर सहलीला गेलो. पावसाने उघडीप दिली होती. खाचरांत भात पिवळे झाले होते, वरकसावर नागली-वरई कापणीला आली होती. काठच्या झुडपावर खंड्या टपून बसला होता, ढोकरी चिखलात निश्चल उभी होती, पाणकावळे पंख पसरून ऊन खात होते. ओल्या गवतात शेपटी हलवत धोबी पक्षी फिरत होता. हा पाहुणा दूर उत्तरेकडून पावसाळा सरला की येतो आणि उन्हाळा लागला की परततो, असे मी मुलांना सांगितले.

मग मी ठरवून आणलेला पाठ सुरू केला : पाखरांना स्वर्गीय पिता खाऊ घालतो, म्हणून चिंता नको. तेवढ्यात चौथीतला एक मुलगा म्हणाला, “दादा, धोबी आला की आम्ही जातो.”

दिवाळीनंतर त्याचे आईवडील वीटभट्टीवर जातात, त्यालाही बरोबर नेतात. उचल आधीच घेतलेली असते. घरची नागली काही महिनेच पुरते. शाळेत त्याचे नाव असते, तो नसतो. मला पुढे बोलता येईना.

घरी आल्यावर मी पाठ पुन्हा वाचला. प्रभूने ‘पाहा’ म्हटले, तिथला मूळ ग्रीक शब्द नीट निरखून पाहणे सुचवतो. निरखले तर दिसते, की देव पाखराच्या चोचीत दाणा टाकत नाही. ओला काठ, किडे, मासे यांची तरतूद करतो. तो काठ कोणी अडवत नाही. माणसांसाठीही त्याने तरतूद केली आहे, पण ती वाटण्याचे काम आपल्यावर सोपवले आहे. मोखाड्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते. याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

यिर्मयाची खंत हीच आहे : पाखरांना आपली वेळ कळते, देवाच्या लोकांना मात्र त्याचा न्याय कळत नाही. तो न्याय कसा, हे अनुवादात स्पष्ट आहे : गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी. उचलीत अडकलेल्या कुटुंबाचा हिशेब मात्र हंगाम संपल्यावर होतो.

म्हणून ‘चिंता करू नका’ हे वचन उपाशी माणसाला ऐकवण्याआधी आपल्या घरातल्या कोठाराकडे पाहावे.

मंडळीत चर्चेसाठी :
१. आपल्या घरी, बांधकामावर, शेतावर राबणाऱ्याची मजुरी आपण वेळेवर देतो का?
२. आईवडील कामाला गेल्यावर मूल शाळेतच राहावे, यासाठी आपली मंडळी काय करू शकेल?

होळीच्या सुमारास त्या मुलाचे कुटुंब परतेल. धोबी तोवर गेलेला नसावा. दोघांनाही प्रार्थनेत आठवा.