एकाच प्लॉटमध्ये दोघांची मेहनत

प्रश्न : टोमॅटोतील फळ पोखरणाऱ्या अळीसाठी मी ट्रायकोकार्ड लावतो, तरी अळी हटत नाही. थोरले बंधू म्हणतात, कार्ड निरुपयोगी आहेत. म्हणून ते दर चार-पाच दिवसांनी फवारणी वाढवतात. कार्ड बनावट असतील का?

उत्तर : आधी कार्ड भिंगाखाली पाहा. त्यावरील काळ्या अंड्यांना बारीक गोल छिद्रे दिसली, तर ट्रायकोग्रामा बाहेर पडले आहेत आणि कार्ड खरे आहे. हा मित्रकीटक एक मिलिमीटरहूनही लहान असतो. तो पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालतो, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. पण बहुतेक रासायनिक कीटकनाशके त्यालाही मारतात. म्हणजे तुम्ही सोडलेले मित्र बंधूंच्या पंपाखाली मरतात, अळी वाचते, आणि ती पाहून ते पुन्हा पंप उचलतात. पीक वाचवायचे दोघांनाही आहे. बंधूंना दोष देऊ नका. न दिसणाऱ्या कीटकावर भरवसा ठेवणे अवघडच आहे. त्यांनाही भिंगातून दाखवा.

कार्ड अंडी रोखते, झाडावरच्या अळ्या नाही. त्या दिसल्या की बंधूंनी संध्याकाळी एचएएनपीव्ही फवारावे. हा विषाणू मित्रकीटकांना अपाय करत नाही. रासायनिक फवारणी टाळता येत नसेल, तर तिच्यात आणि कार्डात किमान आठवड्याचे अंतर हवे. कामगंध सापळे लावून त्यांतील पतंग रोज दोघांनी मिळून मोजा आणि कार्ड, फवारणी एकाच वहीत लिहा.