लेकराच्या बाजूने बोलणारे माणूस



पेठ तालुक्यातील एका पाड्यावर आठ वर्षांची एक मुलगी आहे. तिला कमी ऐकू येते. शाळेत नाव होते, पण जागा शेवटच्या रांगेत. "हिला घरीच ठेवा," असे आईला सांगण्यात आले. आईने मला विचारले, "ताई, आमच्या बाजूनं बोलणारं कोणी मिळेल का?"

मी तिच्याबरोबर शाळेत गेले आणि सगळे मीच बोलले. गुरुजींनी विचारले, "हिला नेमके काय ऐकू येते?" मला सांगता येईना. आई हळूच म्हणाली, "ढोल ऐकू येतो. मागून हाक मारली तर वळत नाही. समोर बसून बोललं की कळतं." त्या दिवशी मी शिकले : लेकराची पहिली वकील त्याची आईच. आपण तिच्या जागी नव्हे, तिच्या शेजारी उभे राहायचे.

अशी सोबत कुठे मिळते?

१. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांची चौकशी करा.

२. दिव्यांग प्रमाणपत्र व युडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

३. मागणी लेखी द्या. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.

४. दाद लागली नाही, तर नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जमाती, महिला, मुले व दिव्यांग यांना वकील मोफत मिळतो. मदतीचा क्रमांक १५१००. पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही तक्रार करता येते.

माणूस पारखताना एवढे पाहा : तो आधी लेकराला भेटतो का? आईबापांचे ऐकून घेतो का? मूळ कागद त्यांच्याकडेच ठेवतो का?

ती मुलगी आता पुढच्या रांगेत बसते. प्रमाणपत्र अजून मिळायचे आहे. आई सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपते आणि तालुक्याला एकटी जाते.

आपल्या मंडळीत अर्ज लिहून देणारे कोण आहे? अशा आईसोबत एक दिवस कचेरीत बसणारे कोण आहे? या आठवड्यात एकमेकांना विचारा.