दाबाचे मोजे : पायांच्या शिरांना आधार, पण तपासणीनंतरच

शिक्षक, परिचारिका, वाहतूक पोलीस, विक्रेते अशा दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या अनेकांचे पाय संध्याकाळी जड होतात व घोट्यांभोवती सूज येते. अशा त्रासात डॉक्टर कधीकधी दाबाचे मोजे, म्हणजेच कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, वापरण्यास सांगतात. आपण किंवा आपल्या घरातील कोणी ते वापरणार असल्यास पुढील माहिती अवश्य वाचावी.

हे मोजे कसे काम करतात?
पायांतील रक्ताला हृदयाकडे परतताना वर चढावे लागते. चालताना पोटरीचे स्नायू ते वर ढकलतात आणि शिरांतील झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. या झडपा दुबळ्या झाल्या की रक्त पायांतच साचते व शिरा फुगतात. दाबाचे मोजे घोट्याशी सर्वांत घट्ट व वर क्रमाने सैल असतात. त्यामुळे रक्त वर सरकण्यास मदत होते.

लाभ कोणाला?
• फुगलेल्या शिरांमुळे होणारी ठणक, जडपणा व सूज कमी होते. मात्र फुगलेल्या शिरा त्यामुळे नाहीशा होत नाहीत.
• शिरांच्या विकारामुळे झालेला व्रण बरा झाल्यावर तो पुन्हा उद्भवण्याची शक्यता घटते.
• गरोदरपणात पायांना आराम मिळतो.
• ४ तासांहून अधिक काळाच्या विमानप्रवासात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो.

आधी तपासणी का?
पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या असतील, तर बाहेरील दाबाने रक्तपुरवठा आणखी घटून त्वचेला इजा होऊ शकते. मधुमेहात पाय बधिर झाल्यास ही इजा जाणवतही नाही. म्हणून मधुमेही, धूम्रपान करणारे, चालताना पोटरीत गोळे येणारे व हृदयविकाराचे रुग्ण यांनी डॉक्टरांकडून पायाची नाडी व रक्तपुरवठा तपासून घ्यावा. दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. १५ ते २० हा सौम्य आणि २० ते ३० हा मध्यम दाब होय. किती दाब घ्यावा, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

वापरताना
१. सकाळी, सूज येण्यापूर्वी, घोटा व पोटरीचा घेर मोजून योग्य मापाचे मोजे घ्यावेत.
२. अंथरुणातून उठताच, पाय कोरडे असताना ते घालावेत. ज्येष्ठांना घरातील व्यक्तीने मदत करावी.
३. सुरकुत्या राहू देऊ नयेत. वरची कड दुमडू नये. तेथे दाब दुप्पट होऊन पाय आवळला जातो.
४. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसल्यास झोपताना मोजे काढावेत आणि बोटे, टाच व त्वचा पाहावी. बोटे निळसर वा थंड पडल्यास, मुंग्या किंवा वेदना जाणवल्यास मोजे लगेच काढून डॉक्टरांना भेटावे.
५. सौम्य साबणाने धुऊन, न पिळता सावलीत वाळवावेत. ३ ते ६ महिन्यांत ताण सैल पडतो. तेव्हा नवे घ्यावेत.

त्वरित रुग्णालय गाठा
एकाच पायाला अचानक सूज, पोटरीत वेदना, लाली किंवा उष्णता जाणवल्यास ती रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते. अशा वेळी मोजे घालून वाट पाहू नये व पाय चोळू नये. त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर १०८ किंवा ११२ वर संपर्क साधावा.

मोजे वापरतानाही रोज चालावे, दीर्घकाळ एकाच स्थितीत राहू नये आणि विश्रांतीच्या वेळी पाय उशीवर उंच ठेवावेत.