परदेशी आप्तांकडे काय न्यावे?

आमच्या खोपटात हल्ली पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी परदेशी आहे. कोणाचा मुलगा दुबईला, कोणाची लेक अमेरिकेत. मग बाळंतपणाला नाही तर नातवंडे पाहायला आईबाप निघतात. महिना-दोन महिने ज्यांच्या घरी राहायचे, त्यांच्याकडे रिकाम्या हाताने कसे जावे? जाऊच नये. पण काय न्यावे, हे आदल्या रात्री ठरवू नये.

आधी फोन करून विचारावे. फरसाण, पापड, लोणचे दुबईत हवे तेवढे मिळते. ते इथून वाहून नेण्यात काय हशील? शोभेची काचेची वस्तू वाटेत फुटते; न फुटली तर तिथल्या लहान घरात तिला जागा नसते. दुकानात मिळत नाही ते न्यावे. घरची थालिपीठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. जांभळी नाक्याच्या बाजारातून चांगली आमसुले घ्यावीत. जावई नाही तर सून दुसऱ्या प्रांतातली असेल, तर तिला किंवा त्याला काय रुचते तेही विचारावे. ही गोष्ट फार जण विसरतात.

आता अनारसे. लेकीला आवडतात म्हणून आई हौसेने करते. वर खसखस लावते. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. आपल्याकडे ती वाण्याकडे मिळते. पण दुबई, सौदी अरेबिया, सिंगापूर इथे तिला बंदी आहे. तिथे खसखशीपायी माणसे पकडली गेली आहेत. गोड्या मसाल्यात, करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवातही काही घरी खसखस पडते. तेव्हा त्या देशांत जायचे तर ती वगळूनच जिन्नस करावा.

देश बदलला की नियम बदलतो. ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे-बर्फी इथेच खाऊन घ्यावी. ऑस्ट्रेलियात ताजी फळे आणि पेरायचे बी चालत नाही. आपल्याबरोबर कीड किंवा रोग येईल, अशी तिथल्या सरकारला धास्ती असते, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ती रास्तही आहे. उतरल्यावर खाण्याचे काही आहे का, असे विचारतात. आहे म्हणून सांगावे. सांगितले तर फार तर वस्तू काढून घेतील. लपवले तर दंड होतो.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या सामानात घालू नयेत. खोबऱ्यात तेल असते, ते पेट घेऊ शकते. तूप आणि लोणचे हातातल्या पिशवीत ठेवले तर तपासणीत काढून टाकतात. ते मोठ्या बॅगेत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

खाण्याखेरीज काही न्यायचे तर वारली चित्र न्यावे. ही आपल्या भागाची कला. डहाणू-तलासरीचा मुलूख पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता, 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र गुंडाळून नेता येते, वजनही नाही. मात्र ऑस्ट्रेलियाला शेण-मातीचा थर दिलेले कापड नेऊ नये, कागदावरचे न्यावे. नातवंडांसाठी चित्रांची मराठी गोष्टीची पुस्तके न्यावीत, आणि तिथे गेल्यावर ती तुम्हीच वाचून दाखवावीत.

तुम्ही निघालात की शेजारीपाजारी पुडकी घेऊन येतील. "आमच्या भाच्याला एवढे द्या हो." इथे भीड धरू नये. 2019 साली मुंबईचे एक जोडपे कतारला निघाले. नात्यातल्याच एका बाईने त्यांच्याजवळ पुडके दिले. तिथे विमानतळावर ते फोडले, तर आत चार किलो चरस! दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. बाई गरोदर होती, मुलगी कैदेतच जन्मली. 2021 साली निर्दोष ठरून ती मायदेशी परतली. म्हणून शिवलेले, चिकटवलेले पुडके घेऊ नये. आपल्या डोळ्यांदेखत उघडून पाहावे, मग आपल्या हाताने बांधावे.

प्रत्येक पिशवीवर आत काय आहे ते मराठीत तुम्ही स्वतः लिहा. त्याखाली इंग्रजी नाव शेजारच्या शाळकरी मुलाकडून लिहून घ्या.