गोफ विणता विणता इंग्रजी येतं का?

प्रश्न : माझ्या सासूबाई एकसष्ट वर्षांच्या आहेत. धाकट्या दिरांकडे अमेरिकेत सहा महिने राहायचं म्हणून त्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला जातात. तिथल्या बाई म्हणे फुगड्या आणि गोफ खेळायला लावतात, सूचना मात्र इंग्रजीत देतात. सासूबाई खूश आहेत. मला शंका येते, नाचून कधी भाषा येते का? की फी भरून नुसती मंगळागौर चाललीय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शंका रास्त आहे. इंग्रजीचा वर्ग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बाक, वही आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला येते. त्यात फुगडी कुठे बसवायची?

आधी घरातल्या बाळाकडे बघा. ‘पंखा कुठाय?’ म्हटलं की ते मान वर करतं. ‘पंखा’ हा शब्द तोंडून यायला अजून कितीतरी महिने असतात, पण अर्थ मानेपर्यंत पोचलेला असतो. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात हीच गोष्ट मोठ्या माणसांवर करून पाहिली. उठा, चाला, दाराला हात लावा, अशा आज्ञा जपानी आणि रशियन भाषेत द्यायच्या; शिकणाऱ्याने फक्त ऐकायचं आणि तसं करायचं. बोलायची सक्ती नाही. ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ या नावाने ही पद्धत पुढे जगभर पसरली. सासूबाईंच्या बाई नकळत किंवा जाणून तेच करताहेत.

पण यात एक मेख आहे. फुगडी सासूबाईंना आधीच पाठ आहे. बाई इंग्रजीत काहीही म्हणोत, पाय आपोआप फिरणार. मग ऐकलं काय आणि नाही ऐकलं काय! याच्या उलट अमेरिकेतला स्क्वेअर डान्स बघा. चार जोड्या चौकोनात उभ्या राहतात आणि ‘कॉलर’ पुढची चाल ऐन वेळी पुकारतो. कुठली चाल येणार हे नाचणाऱ्याला माहीत नसतं, त्यामुळे कान टवकारावेच लागतात. जपानमध्ये असो की जर्मनीत, या चाली इंग्रजीतच पुकारतात. गंमत म्हणजे त्यातला ‘डो-सी-डो’ मूळचा फ्रेंच, म्हणजे ‘पाठीला पाठ’. तो शब्द किराणा आणायला उपयोगी नाही, हे खरं. म्हणून वर्गात बघायचं ते एवढंच, की सूचनांचा क्रम बाई रोज बदलतात का? बदलत असतील तर फी वसूल.

गोफाचं म्हणाल, तर अशा एका वर्गात मी तासभर बसलो होतो. छताच्या हुकाला आठ ओढण्या बांधलेल्या, आठ बायका. चौघी एका दिशेने, चौघी समोरून. बाई म्हणायच्या ‘अंडर’, की समोरचीच्या ओढणीखालून वाकून जायचं. ‘ओव्हर’ म्हटलं की आपली ओढणी तिच्या डोक्यावरून न्यायची. मराठीत ‘खाली’ आणि ‘खालून’ वेगळे, इंग्रजीत दोन्हींना ‘अंडर’ चालतं. शिवाय आपण ‘ओढणीखालून’ म्हणतो, म्हणजे ओढणी आधी. इंग्रजीत ‘अंडर’ आधी. हे फळ्यावर समजावताना पाऊण तास जातो. इथे एका काकूंनी ‘अंडर’ला ‘ओव्हर’ केलं आणि वेणीत ढब्बू गाठ बसली. चूक कोणाची, हे बाईंना सांगावंच लागलं नाही. उलट फिरून गोफ सोडवताना तीच गाठ अडली, आणि सगळ्या हसत हसत ‘अंडर, अंडर!’ ओरडू लागल्या. इंग्लंडमध्ये मे महिन्यात खांबाला फिती बांधून असाच गोफ विणतात, त्यामुळे ‘आपलं’ आणि ‘त्यांचं’ यावरून वाद घालायचं कारण नाही.

नाचाचा दुसरा फायदा ठेक्याचा. आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षराला त्याचा पूर्ण मान देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि शेजारची अक्षरं अंग चोरतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, पण ‘फोटोग्राफर’ म्हणताच तो ‘टो’वर सरकतो आणि ‘फो’ जवळजवळ ‘फ’ होतो. टाळीवर म्हटलं की हे लवकर जिभेवर बसतं. कॅरोलिन ग्रॅहम या न्यूयॉर्कच्या शिक्षिकेने जॅझच्या ठेक्यावर बोलकी वाक्यं बसवली. तिचं ‘जॅझ चँट्स’ हे पुस्तक 1978 सालचं.

‘या वयात कुठली नवी भाषा’ हा समजही पक्का नाही. नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजीभाषकांची पाहणी 1978 साली प्रसिद्ध झाली. त्यात पहिल्या काही महिन्यांत लहान मुलांपेक्षा मोठी माणसंच पुढे होती. उच्चारात मुलं पुढे पुढे बाजी मारतात. पण सासूबाईंना सहा महिनेच राहायचंय.

एका बाबतीत मात्र मी बाईंना टोकीन. नाचाच्या सूचना म्हणजे सगळ्या आज्ञा. मराठीत ‘बसा’ म्हटलं की त्या ‘आ’तच आदर येतो. इंग्रजीत नुसतं ‘सिट डाउन’ पाहुण्याला म्हटलं तर दटावल्यासारखं वाटतं; तिथे ‘प्लीज हॅव अ सीट’ लागतं. काल काय झालं, उद्या काय करू, हेही आज्ञांत मावत नाही. त्यासाठी गोफ सोडून गप्पाच मारायला हव्यात.

घरी परीक्षाच घ्यायची असेल, तर सासूबाईंना खुर्चीत बसवा आणि बस फुगडी इंग्रजीत समजावून सांगायला सांगा. हातवारे बंद. तुम्ही उठायचं आणि त्या सांगतील तस्संच करायचं. पडलात, तर दोष सांगणारीचा की ऐकणारीचा, ते ठरवायला दिरांना व्हिडिओ कॉल लावा.