‘ऑफ’ म्हणजे बंद नव्हे : इंग्रजीतील फसव्या शब्दांविषयी अनुभवाचे बोल

इंग्रजीत एखाद्या साध्या क्रियापदानंतर ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘ओव्हर’ असे छोटे अव्यय येते आणि दोहोंचा मिळून एक वेगळाच अर्थ तयार होतो, तेव्हा त्या जोडीला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. मराठीत तिला अव्यययुक्त क्रियापद म्हणता येईल. हे नाव तुलनेने अलीकडचे आहे. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात ते वापरले, आणि ऑक्सफर्ड शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचेही नमूद केले. अडचण मात्र नावाहून पुष्कळ जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ सालच्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच, क्रियापदामागून येणाऱ्या या अव्ययांमुळे परकीयांना सर्वाधिक त्रास होतो, हे ओळखून ठेवले होते.

मराठी वाचकाला ही रचना मुळात परकी वाटू नये. संस्कृतातील ‘हृ’ या एकाच धातूला निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार हे शब्द तयार होतात, आणि त्यांच्या अर्थांत जेवणापासून विनाशापर्यंतचे अंतर असते, हे मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. संस्कृतात उपसर्ग धातूच्या आधी येतो, तर इंग्रजीत हे अव्यय बहुधा क्रियापदानंतर येते. परंतु काही वेळा तेच अव्यय आधीही येते आणि तेथे अर्थ पालटतो, ही खरी मेख आहे. ‘टेक ओव्हर’ म्हणजे ताबा घेणे, तर ‘ओव्हरटेक’ म्हणजे मागे टाकून पुढे जाणे. ‘लुक ओव्हर’ म्हणजे कागदपत्रांवरून नजर फिरवणे, तर ‘ओव्हरलुक’ म्हणजे तीच गोष्ट नजरेतून सुटू देणे. हिशेबांवर देखरेख केली असे अर्जात लिहू पाहणाऱ्याने ‘ओव्हरलुक’ लिहिले, तर आपण हिशेबांकडे दुर्लक्ष केले अशी कबुली त्याच्या हातून लिहिली जाते.

अडचणीचे दुसरे कारण शिकण्याच्या क्रमात आहे. इंग्रजी घरात वाढणारे मूल ‘पुट ऑफ’ आधी ऐकते आणि त्याच अर्थाचा, लॅटिनमधून आलेला ‘पोस्टपोन’ हा शब्द पुढे शाळेत शिकते. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याचा क्रम बरोबर उलटा असतो. त्याला पोस्टपोन, टॉलरेट, एक्स्टिंग्विश हे शब्द पाठ्यपुस्तकातून, कचेरीच्या पत्रव्यवहारातून किंवा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेसारख्या पुस्तकांतून आधी भेटतात, आणि ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘पुट आउट’ हे त्यांचे घरगुती पर्याय पुष्कळ उशिरा, तेही अर्धवट भेटतात. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाऊ लागले ते २००० साली. त्याआधीच्या पिढ्यांनी ते पाचवीत सुरू केले. म्हणजे भारदस्त शब्द येतात आणि साधे शब्द अडतात, अशी ही उफराटी स्थिती आहे, आणि तिच्यामुळे माणसाला आपल्याला इंग्रजी येते असा विश्वास वाटत असतानाच तो चुकतो.

प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत हे एका पत्राने घडले. पदवीनंतर एका आस्थापनेत हिशेबनिसाच्या जागेसाठी त्याने अर्ज केला होता आणि मुलाखतीची तारीखही ठरली होती. तिच्या तीन दिवस आधी टंकलिखित पत्र आले, ज्यात मुलाखत ‘पुट ऑफ टिल द फोर्टीन्थ’ झाल्याचे एका ओळीत कळवले होते. लेखकाच्या शब्दांच्या वहीत डाव्या बाजूला इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूला मराठी अर्थ अशा दोन उभ्या रकान्यांत ‘ऑफ’समोर ‘बंद’ आणि ‘टिल’समोर ‘पर्यंत’ असे लिहिलेले होते, आणि या दोन नोंदींच्या आधारे त्याने त्या ओळीचा अर्थ लावला तो असा : मुलाखती चौदा तारखेपर्यंत बंद आहेत, नवी तारीख यथावकाश कळेल. तो नव्या पत्राची वाट पाहत घरी राहिला. पत्राचा अर्थ मुलाखत पुढे ढकलून ती चौदा तारखेला ठेवली आहे, असा होता. सतरा तारखेला चौकशीसाठी गेल्यावर हे उलगडले, आणि तोवर त्या जागेवर दुसऱ्याची निवड झालेली होती. वहीतील दोन्ही नोंदी एकेकट्या पाहिल्या तर चुकीच्या म्हणता येत नाहीत. म्हणूनच या चुकीचा शोध लागायला लेखकाला वेळ लागला.

‘ऑफ’चा बंद हा अर्थ मराठी माणसाच्या कानात दिव्याच्या बटणामुळे आणि मोबाइलमुळे पक्का बसलेला असतो. या अव्ययाचा गाभ्याचा अर्थ मात्र सुटणे, वेगळे होणे, दूर जाणे असा आहे, आणि तो धरला तर पुष्कळ प्रयोग एका सूत्रात येतात. ‘टेक ऑफ’ म्हणजे अंगावरचा कपडा उतरवणे किंवा विमानाने धावपट्टी सोडणे, ‘सेट ऑफ’ म्हणजे घर सोडून प्रवासाला निघणे, ‘पे ऑफ’ म्हणजे कर्ज फेडून मोकळे होणे, ‘पुट ऑफ’ म्हणजे ठरलेली गोष्ट आजपासून दूर सारणे. ‘कॉल ऑफ’मध्ये मात्र ती गोष्ट कायमची सुटते, म्हणजे रद्द होते, ‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’ यांतील हा फरक लग्नाच्या बाबतीत किती मोठा ठरेल, हे वेगळे सांगायला नको. सर्वांत फसवा प्रयोग ‘गो ऑफ’ हा आहे. दिवा ‘गो ऑफ’ झाला तर तो विझला, दूध झाले तर ते नासले; घड्याळाचा गजर झाला तर मात्र तो वाजला, आणि बाँब झाला तर त्याचा स्फोट झाला. म्हणजे कर्ता बदलला की अर्थ बदलतो, आणि तो नुसत्या ‘ऑफ’कडे पाहून कळण्याची सोय नाही.

‘टिल’ची गोष्ट याहून खोल आहे, कारण तेथे अडचण इंग्रजीची कमी आणि मराठीची जास्त आहे. ‘शुक्रवारपर्यंत थांबा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत अर्ज पाठवा’ ही दोन वाक्ये मराठीत एकाच ‘पर्यंत’ने चालतात, इंग्रजीला मात्र पहिल्यात ‘टिल’ आणि दुसऱ्यात ‘बाय’ लागते. पहिली क्रिया शुक्रवार येईतो चालू राहायची आहे, दुसरी शुक्रवार संपण्याच्या आत एकदा घडून मोकळी व्हायची आहे. ही निवड करण्यासाठी लेखकाला उपयोगी पडलेली कसोटी मराठीतलीच आहे : क्रियापदाला ‘राहणे’ जोडून पाहावे. ‘शुक्रवारपर्यंत थांबून राहा’ हे बसते, म्हणून ‘टिल’. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज पाठवत राहा’ म्हटल्यास भलतेच होते, म्हणून ‘बाय’. नकारार्थी वाक्यात आणि ‘पुट ऑफ’सारख्या लांबणीच्या क्रियापदाबरोबर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कचेरी ‘टिल मंडे’ उघडणार नाही, याचा अर्थ ती सोमवारी उघडेल असा होतो. त्या दिवशी लांबण संपते आणि ती गोष्ट घडते. चौदा तारखेच्या पत्रात नेमके हेच सांगितले होते.

मराठीत एक शब्द आणि इंग्रजीत दोन, अशा जागा हेरून ठेवाव्यात, कारण चुका तेथेच साचतात. उसने घेणे आणि उसने देणे यांत मराठी दिशा दाखवते ती घेणे-देणे या क्रियापदांनी. इंग्रजीत ती ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ या वेगवेगळ्या शब्दांतच असते, म्हणून दुसऱ्याला ‘मला पेन बॉरो करा’ म्हणणारा माणूस घेणाऱ्याचे काम देणाऱ्याकडे सोपवतो. ‘शंका’ विचारणे ही मराठी वर्गातील सभ्य गोष्ट आहे, पण परदेशी सहकाऱ्याला ‘आय हॅव अ डाउट’ म्हटले तर त्याला ते आपल्यावरील अविश्वासाचे विधान वाटू शकते. तेथे ‘क्वेश्चन’ हा साधा शब्द बरा. उलट, काही जागी मराठीजवळ फरक तयार असतो आणि आपणच तो वापरत नाही. ‘ऐकू येणे’ म्हणजे ‘हिअर’ आणि ‘ऐकणे’ म्हणजे ‘लिसन’, तसेच ‘दिसणे’ म्हणजे ‘सी’ आणि ‘पाहणे’ म्हणजे ‘लुक’ : इतकी स्पष्ट विभागणी मातृभाषेत असताना दूरध्वनीवर ‘आय कान्ट लिसन यू’ म्हणण्याचे कारण उरत नाही.

उच्चारामुळे होणारा गोंधळ थोडक्यात सांगता येतो. मराठीत ‘ज’ला दोन उच्चार असून अक्षर एकच आहे, त्यामुळे सैल कपड्यालाही आपण ‘लूज’ म्हणतो आणि हरवण्यालाही. इंग्रजीत सैल या अर्थाच्या शब्दाचा शेवट ‘स’ने होतो आणि हरवणे या अर्थाच्या शब्दाचा ‘ज’ने. सल्ला या नामाचा शेवट ‘स’ आणि सल्ला देणे या क्रियापदाचा शेवट ‘ज’, ही जोडीही त्याच नियमाची आहे.

अव्ययांपैकी दोन मराठीच्या फार जवळ येतात. ‘ईट अप’, ‘यूज अप’ यांतील ‘अप’ काम पुरते संपल्याचे दाखवते, आणि तेच काम आपण ‘खाऊन टाकणे’, ‘संपवून टाकणे’ यांतील ‘टाकणे’कडून करून घेतो; ‘कॅरी ऑन’, ‘कीप ऑन’ यांतील ‘ऑन’ हे ‘करत राहणे’मधील ‘राहणे’च होय. हे साम्य दिशा दाखवण्यापुरतेच धरावे, कारण ‘स्लो अप’ आणि ‘स्लो डाउन’ या दोहोंचाही अर्थ वेग कमी करणे असा होतो, आणि फॉर्म ‘फिल इन’ केला काय किंवा ‘फिल आउट’ केला काय, तो भरलाच जातो.

मुलाखतीत आणखी एका शब्दाने घात होताना लेखकाने पाहिले आहे. ‘हार्ड’ म्हणजे मेहनतीने, म्हणून ‘हार्डली’ म्हणजेही मेहनतीने, असे समजून उमेदवार सांगतो की आपण पाच वर्षे ‘हार्डली’ काम केले. ऐकणाऱ्याला कळते की त्याने जेमतेमच काम केले. ‘पास आउट’चेही तसेच. सैनिकी प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर खडकवासल्याच्या प्रबोधिनीत पासिंग आउट परेड होते आणि तो प्रयोग शुद्ध आहे. परंतु महाविद्यालयातून ‘पास आउट’ झालो असे अमेरिकेत सांगितल्यास बेशुद्ध पडलो असाच अर्थ घेतला जाण्याचा संभव आहे. तेथे ‘ग्रॅज्युएट’ म्हणावे.

त्या पत्रानंतर लेखकाने दोन रकान्यांची वही टाकून दिली. नव्या वहीत एका पानावर एकच जोडी, तिच्याखाली ज्या वाक्यात ती भेटली ते संपूर्ण वाक्य, आणि कर्ता व कर्म यांखाली रेघ, अशी पद्धत त्याने ठेवली; मराठी अर्थ लिहायचा तो सुट्या शब्दाचा न लिहिता अख्ख्या वाक्याचा. कर्माच्या जागी सर्वनाम घालून वाक्य पुन्हा लिहिले की आणखी एक नियम आपोआप दिसतो : ‘टर्न इट ऑफ’मध्ये सर्वनाम मधे बसते, पण ‘लुक आफ्टर इट’मध्ये ते शेवटीच राहते. असा शब्दकोशही घ्यावा, जो शब्द वाक्यासकट देतो. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी विद्यार्थ्यांसाठी रचलेला आणि १९४२ साली तोक्योत प्रथम छापलेला कोश, जो पुढे ऑक्सफर्डने आपल्या नावाने काढला, याच गरजेतून जन्मला. प्रत्येक क्रियापद कोणत्या रचनेत येते हे सांगण्यावर त्याचा भर होता.

तारीख, रक्कम किंवा मुदत असलेले पत्र हाती आले, तर वहीवर आणि कोशावरही विसंबू नये. आपल्याला लागलेला अर्थ साध्या शब्दांत मांडून, मुलाखत चौदा तारखेला सकाळी आहे असे समजावे काय, एवढे एक वाक्य पाठवणाऱ्याला लिहून विचारावे, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत ती तारीख मोकळी ठेवावी.