वंशचाचणीचे दुसरे किट मागवण्याआधी

घरबसल्या केलेल्या डीएनए चाचणीने एक उत्तर दिले, ते पटले नाही, म्हणून खात्रीसाठी दुसऱ्या कंपनीचे किट मागवायचे. अमेरिका-कॅनडातल्या आपल्या अनेक घरांत हा विचार येतो. माझे मत स्पष्ट आहे: टक्के पडताळण्यासाठी दुसरे किट घेऊ नका. त्यातून पडताळणी होतच नाही.

कॅनडाच्या सीबीसी वाहिनीवरील ‘मार्केटप्लेस’ या ग्राहकहिताच्या कार्यक्रमाने २०१९च्या जानेवारीत हे दाखवून दिले. निवेदिका शार्ल्सी ॲग्रो आणि तिची एकसारखी जुळी बहीण कार्ली यांनी पाच कंपन्यांना नमुने पाठवले. मायहेरिटेजने दोघींना सुमारे ६१ टक्के बाल्कन ठरवले. फॅमिलीट्रीडीएनएने १३-१४ टक्के मध्यपूर्वेचा वारसा सांगितला, दोन कंपन्यांना तो मुळीच दिसला नाही. ट्वेंटीथ्रीअँडमीने तर दोघी बहिणींनाच वेगवेगळे आकडे दिले. येल विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी दोघींची मूळ माहिती तपासली, तेव्हा ती ९९.६ टक्के जुळत होती. म्हणजे प्रयोगशाळेने डीएनए नीट वाचला होता. मतभेद झाला तो पुढच्या टप्प्यावर.

तो टप्पा समजून घेतला तर पुष्कळ पैसे वाचतात. आपल्या डीएनएतल्या सुमारे ३०० कोटी अक्षरांपैकी ही चाचणी साधारण सहा-सात लाख जागा वाचते. मग कंपनी त्यांची तुलना स्वतःकडच्या नमुनासंचाशी करते, म्हणजे ज्यांचे मूळ माहीत आहे असे तिने मानलेल्या आजच्या माणसांशी. संच प्रत्येकीचा वेगळा, गणित वेगळे, प्रदेशांच्या सीमाही वेगळ्या. संच वाढला की जुने ग्राहकही नवे ‘वंश’ पावतात: २०२०मध्ये अँसेस्ट्री या कंपनीने हिशेब सुधारला आणि असंख्य लोकांचा स्कॉटिश वाटा एकदम वाढला. ही सुधारणा फुकट मिळते, पुन्हा थुंकी पाठवावी लागत नाही.

मराठी माणसासाठी अडचण आणखी खोल आहे. भारतातल्या जवळजवळ सर्व समाजांत दोन प्राचीन लोकसमूहांचे मिश्रण आहे, हे २००९मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेतील शास्त्रज्ञांनी जनुकशास्त्रज्ञ डेव्हिड राइक यांच्यासह दाखवले. हे मिश्रण मुख्यतः सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झाले. तेव्हा एका कंपनीने तुम्हाला ‘उत्तर भारतीय’ आणि दुसरीने ‘दक्षिण भारतीय’ म्हटले, तर कोणीतरी चुकले असे समजू नका. महाराष्ट्र मधोमध आहे. त्यावर रेघ कुठे मारायची, हे कंपनी ठरवते. या आकड्यावरून कोणी घरातल्या आजीच्या सांगण्यावर शंका घेऊ लागले, तर मला खरोखर वाईट वाटते.

आता खर्चाचे. अमेरिकेत अँसेस्ट्रीच्या साध्या किटची मूळ किंमत ९९ डॉलर, मायहेरिटेजची ८९, फॅमिलीट्रीडीएनएच्या ‘फॅमिली फाइंडर’ची ७९ अशी राहिली आहे. पण ही किंमत क्वचितच मोजावी. २५ एप्रिलच्या ‘डीएनए दिना’ला, मदर्स डेला आणि नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आसपास ती निम्म्यावर येते. टपालखर्च बहुधा वेगळा असतो, तो धरूनच तुलना करा. खरा खड्डा पुढे आहे: वर्गणीचा. जुन्या नोंदी पाहण्यासाठी अँसेस्ट्री महिन्याला २५ डॉलर किंवा त्याहून जास्त घेते. १४ दिवसांची मोफत मुदत कार्डाचा क्रमांक घेऊनच सुरू होते आणि न थांबवल्यास पैसे कापले जातात. त्या नोंदी मुख्यतः युरोप-अमेरिकेच्या. साताऱ्याच्या कुटुंबाला त्यांत फारसे काही सापडणार नाही, ही वर्गणी सोडूनच द्या.

पैसे लावायचे तर नातेवाईक शोधण्यासाठी लावा. दोन माणसांत डीएनएचा किती भाग समान आहे, हे मोजमाप कंपनी बदलली तरी फारसे बदलत नाही. सख्ख्या चुलत, आते, मामे किंवा मावस भावंडांत साधारण साडेबारा टक्के समान असतो. यांपैकी नेमके कोणते नाते, ते मात्र घरच्यांनाच विचारावे लागेल. आणि घराण्यात मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असेल, तर जुळणी खऱ्या नात्यापेक्षा जवळची दिसते, हे ध्यानात ठेवा. एका ठिकाणी चाचणी झाली की कच्ची माहिती उतरवून घ्या आणि जेडमॅच या संकेतस्थळावर फुकट चढवा. तिथे इतर कंपन्यांचे ग्राहकही भेटतात.

आणखी एक किंमत डॉलरमध्ये मोजता येत नाही. २०२३मध्ये ट्वेंटीथ्रीअँडमीच्या सुमारे १४,००० खात्यांत चोर शिरले. इतर ठिकाणी वापरलेलेच पासवर्ड तिथेही होते. नातेवाईक दाखवण्याच्या सोयीमुळे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. मार्च २०२५मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि साडेतीस कोटी डॉलरला ती सहसंस्थापिका ॲन वोजिकी यांच्याच ना-नफा संस्थेकडे गेली. म्हणून पासवर्ड स्वतंत्र ठेवा, नमुना जपून ठेवण्याची आणि संशोधनाला देण्याची संमती वाचून मगच द्या. तुमच्या संमतीत भावंडांचाही अर्धा डीएनए जातो, त्यांना आधी सांगा. फ्रान्समध्ये राहत असाल तर किट मागवूच नका: तिथे अशा चाचणीला ३,७५० युरोपर्यंत दंड आहे.

घरात एकच किट घ्यायचे असेल, तर ते स्वतःसाठी न घेता सर्वांत थोरल्या व्यक्तीसाठी घ्या. आजीचा साधारण चौथा हिस्साच तुमच्यापर्यंत पोचला आहे, बाकीचा तिच्यापाशीच आहे. अँसेस्ट्रीच्या नळीत बरीच थुंकी भरावी लागते आणि त्याआधी अर्धा तास खाणे-पिणे बंद. वयस्कर माणसाचे तोंड कोरडे असते. मायहेरिटेज किंवा फॅमिलीट्रीडीएनएमध्ये गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की झाले.